तेल न लावलेला पाय

माय, शाळेतून आलो की तू माझे पाय मांडीवर घ्यायचीस आणि जवसाच्या कोमट तेलानं चोळायचीस. मी नुकतीच पाठ झालेली कविता म्हणायचो. अर्थ तू कधी विचारला नाहीस. तुझे तळवे तालावर चालायचे. मी चुळबुळ केली की म्हणायचीस, "अबे, पाय हालवू नको, कविता सांडन!"

कोरोनात मी फार आजारी पडलो, सावंगीला दवाखान्यात ऑक्सिजनवर होतो. अंगाला लागणारा प्रत्येक हात रबरी मोज्यातला. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आजोबा, या आजारात रक्ताच्या गाठी होतात. एकच पाय सुजला तर चोळायचा नाही. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. सरळ इकडे यायचं." मी मान डोलावली.

तुझी सून तर आधीच गेलेली. सेलूहून लेक आली. माझी डावी पोटरी सुजून लाल, गरम झालेली पाहून तिनं आपल्या घरच्या रीतीप्रमाणे वाटीत जवसाचं तेल कोमट केलं आणि पायाशी बसली. "बाबा, पाय द्या इकडे." माय, मला सगळं आठवत होतं, तरी मी पाय पुढे केला. किती दिवसांनी उघडा हात! तिची बोटं घोट्याला टेकतात, तेलाचा वास येतो, मी डोळे मिटून घेतो. बोटं वर सरकू लागतात तेव्हा कुठे म्हणतो, "थांब पोरी. चोळू नको."

"काऊन? माहा हात नाई चालत तुमाले?"

कारण सांगितलं तशी तिनं वाटी बाजूला सारली आणि दवाखान्यात न्यायला ऑटो बोलावला. ऑटोत बसल्यावर मात्र भांडली, "आधी नाई सांगता येत? कविता तेवढ्या साऱ्या ध्यानात राह्यतात!" सोनोग्राफीत गाठ दिसली. पोटात इंजेक्शनं झाली, मग रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. हळूहळू गाठ विरली.

आता गोळ्याही बंद झाल्या, चोळायला हरकत नाही म्हणतात. लेक रविवारी येते, तेल लावते. मी कविता म्हणतो, ती मोबाइल पाहत हं-हं करते. बाकी दिवस घरात माझाच आवाज पाहुण्यासारखा वाटतो. फोनवर ती विचारते, "दुखून राह्यला का अजून?" मी म्हणतो, थोडा.

तुला वाचता येत नव्हतं, आणि हे पत्र टाकू तरी कोणत्या पेटीत? पण तुला सांगायला काय हरकत आहे. पाय दुखत नाही, माय. केव्हाचाच दुखत नाही.