उबवणीच्या खोलीतला फोन

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. आपल्या त्या दिवशीच्या भांडणाबद्दलच लिहिते आहे. पण आधी माझ्या कामावरची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुला कळणार नाही.

आमच्या पक्षी-केंद्रात मध्यंतरी एका घरट्यातली अंडी आली. मादी तारेत अडकून मेली होती. अंडी उबवणी-पेटीत ठेवली आणि शेजारी छोटा स्पीकर लावला, त्यावर त्याच जातीच्या मादीचा आवाज. अंडं फुटायच्या आधीच आतल्या पिल्लाला बाहेरचं ऐकू येतं. आई शांतपणे बोलत राहिली तर ते निर्धास्त बाहेर येतं. ती सारखी धोक्याची हाक देत असली, तर जन्मल्यावर जरा खुट्ट झालं तरी अंग चोरून बसतं. म्हणून त्या खोलीत कुणी बोलायचं नाही, असा नियम आहे. नव्या लोकांना तो मीच शिकवते.

तुझा फोन आला तेव्हा मी त्याच खोलीत होते. सातव्या महिन्यात तू नोकरी सोडलीस हे सांगत होतीस आणि मला नीट ऐकू येईना. बाहेर जायचं सोडून मी स्पीकर बंद केला. मग ‘अक्कल गहाण ठेवलीस का’ इथून जी सुरुवात झाली, ती तुला आठवतच असेल. शेवटी तू एवढंच म्हणालीस, “आई, बाळंतपणाला तू येऊ नकोस.” मी तणतणत बाहेर पडले. स्पीकर संध्याकाळपर्यंत बंदच राहिला.

पिल्लं निघाली. दुसऱ्या कुणी खाणं नेलं की चोची वासतात. मी नुसतं “या गं बायांनो” म्हटलं तरी माना खाली घालून चिडीचूप. आता एका घरट्यावरून काही सिद्ध होत नाही, इतकं शास्त्र मलाही कळतं. पेटीचं तापमान कमी-जास्त झालं असेल, असं मी स्वतःला बरेच दिवस पटवत होते. आमच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, स्पीकर चालू होता ना, तर चक्क हो म्हणाले. आज सकाळी खरं सांगून टाकलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, भिणं काही वाईटच असतं असं नाही, जिथे ससाणा फिरतो तिथे भित्रं पिल्लूच तगतं. आणि मला पिल्लांच्या खोलीतून काढून धान्याच्या कोठीत पाठवलं. बरोबरच केलं.

कोठीत दिवसभर तो ससाणा डोक्यातून जाईना. आपल्या घरात कुठला ससाणा होता गं? मी कामावरून आले, दाराच्या कुलपात किल्ली फिरली, की तू पुस्तक मिटून कपाटामागे सरकायचीस. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, किती गुणी पोर, घरात आहे की नाही तेसुद्धा कळत नाही. मी ते कौतुक रोजनिशीत लिहून ठेवायचे. माझी आईही अशीच ओरडायची, असं म्हणून सुटता येईल का, तेही बघितलं. नाही सुटता येत.

तुझं बोलणं मी मध्येच तोडलं, पण त्यातलं एक वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तुझा साहेब सगळ्यांसमोर ओरडतो, पोटातलं बाळ दचकल्यासारखं हलतं, म्हणून नोकरी सोडली, असं तू म्हणालीस. ते ऐकल्यावरही मी ओरडले. तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही, आणि नाही बोलावलंस तरी का म्हणून विचारणार नाही. हे सांगायला फोन उचलला होता, नंबरही लावला, आणि वाजायच्या आत ठेवून दिला. म्हणून हे पत्र. मनातल्या मनात वाच.

अजूनही तुझीच,
आई