चार्जरची अट

चिकलठाणा, शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पण मी मुद्दाम फोन टाळतो, हे आईचं म्हणणं साफ खोटं! ती फर्दापूरला लॉजवर पोळ्या करते, अन् सांजच्याला मालकिणीचा फोन मागून एकदाच लावते. मी नंतर उलट लावून काय उपयोग, तोवर ती घरी गेलेली असते. मागल्या महिन्यात मी आमच्या गावच्या गणपाच्या हाती धाडलेले पैसे तिनं रागानं तसेच परत पाठवले.

चूक माझ्याच शहाणपणाची. फोनमध्ये जागा ओळखणारं ॲप टाकून मीच नियम बनवला होता: मी कंपनीत असलो की आवाज बंद. सातवी नापास माणसाचा नियम, अन् चालला! पण माझी खोली कंपनीच्या भिंतीला चिकटून. फोनला वाटायचं, हा चोवीस तास कामावरच.

आज चहाच्या सुट्टीत सुचलं. कंपनीत चार्जर लावू देत नाहीत. मग दुसरा नियम घातला: चार्जर लागला म्हणजे मी खोलीवर, आवाज मोठा. इतकं साधं आधी का नाय सुचलं?

मघाशी चार्जर लावला अन् थोड्या वेळात फोन केवढ्यानं वाजला!

"जित्ता हाईस व्हय रे?" आईच.

नियम समजावला. म्हणाली, "मला नगं सांगू. रोज सांजच्याला ते चार्जर लावत जा, म्हंजी झालं."

"अन् पैसे?"

"धाड की आता."

उद्या गणपा गावी चाललाय. त्याच्या हाती देतो, दोन्ही महिन्यांचे मिळून सहा हजार.