पाटाच्या पलीकडून

मंगळवार, ११ नोव्हेंबर

महिनाभर वही उघडली नाही. माफी मागायची तर स्वतःचीच.

पार्किन्सनमुळे बाबांचे पाय दारात खिळतात. धंतोलीच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी सांगितलंय, आधी डोळे मिटून मनातल्या मनात उंबरठा ओलांडायचा, मग पाऊल उचलायचं. आज बाबा न अडखळता ओलांडून गेले. मी आनंदाने विचारलं, डोळे मिटल्यावर काय दिसलं?

"नरखेडचा आपला संत्र्याचा बगीचा. पाण्याचा पाट. पम्या पलीकडून आवाज देते, 'ये नं गा बाबा!' मंग पाऊल आपोआप पडते."

पम्या! पुण्याहून दिवाळीपुरता येऊन गेलेला माझा भाऊ. आणि रोज हात धरते मी.

"अन् मी कुठं असते?"

"तू तं मांगं असतं, धरून. तुले काय पाहावं लागते वं?"

हे कौतुक होतं का? संध्याकाळपासून तेच घोळवतेय. पलीकडून हाक मारणं सोपंच असतं. पण मी "उचला पाय" म्हटलं की ते जास्तच अडतात, हेही खरं. बाबा चालले याच्या आनंदापेक्षा पम्यामुळे चालले याचा जळफळाट मोठा, हे मला शोभतं का?

उद्या: पम्याकडून ती हाक रेकॉर्ड करून मागवणे.