वांग्याच्या खोडातल्या नळ्या

चंदनाक्का हिस तानुबाईचा नमस्कार, आणि तुमच्या रीतीनं जयजिनेंद्र. गुडघा कसा हाय? पुण्यात लिफ्ट हाय म्हणतीस, म्हणजे गुडघ्याला गंज चढणार. इकडं समदं बरं हाय (म्हैस सोडून, तिला गोचिडं झाल्यात).

तर तुझा जिनेश पुण्यातनं फोनवर शेती करतोय. तण भांगलायला बायका सांगायच्या सोडून त्यानं तुमच्या पप्पू गड्याला तणनाशकाचा पंप दिला, आणि पप्पूनं भर वाऱ्यात तुझ्या उसात फवारलं. ऊस ठणठणीत, बांधाच्या अलीकडची माझी वांगी वाकडी. शेंडे मुरगाळले, पानं चिंचोळी, खोडं जागोजागी सुजली. (तुमच्यात वांगं खात न्हाईत हे ठावं हाय, पण म्हणून मारायचं कुठल्या शास्त्रात लिवलंय?) पप्पू म्हणतो, "मावशी, हिरवी तर हायत की." मी म्हणलं, तूबी धडधाकट दिसतोस, आत डोकं हाय का कुणी बघितलंय?

मग माझ्या भावाच्या ऋचानं एक खोड सांगलीला कॉलेजात नेलं, ती झाडांचंच शिकती. मीबी मागनं गेले. तिनं कांद्याच्या पापुद्र्यागत पातळ काप काढून काचेखाली धरला. चांगल्या वांग्यात पाणी चढायच्या नळ्या गोल, वळीनं बसलेल्या. माझ्या वांग्यात आतला गर नुसता फुगलेला, नळ्या चेपून वाकड्या. ऋचा म्हणाली, हे औषध झाडाला नको तिथं वाढायला लावतं, मग पाण्याची वाटच दाबली जाती. मी लय वेळ डोळा लावून बसले, मागं पोरं खोळंबली तरी उठले न्हाई.

आपण शेजारी पात धरून भांगलायचो. दिवस बुडायच्या आत तुला जेवायचं असायचं, पण खुरप्यापेक्षा तोंडच भरभर चालायचं तुझं. आता सासूला नावं ठेवायची तर कुणापुढं ठेवू? पप्पूच्या तोंडाला फडकं बांधलेलं असतं.

जिनेशवर रागावू नकोस. सुनेला आशीर्वाद.
तुझी तानुबाई

ता. क. वांगी उपटून नवी लावली. भरपाई नको.

आणखी एक. पप्पू परत फवारायला आला तवा मी बांधावर आडवी बसले आणि त्याला पंपासकट माघारी लावला. त्यामुळं तुझ्या उसात गुडघाभर तण हाय. मी एकटी काढणार न्हाई. सावडीनं काढू, तू मला मी तुला, एक पात तुझी, एक माझी. गुडघा दुखला तर बांधावर बसून बोल नुसती. खुरपं आणू नकोस, माझ्याकडं दोन हायत.