आज कोणी आलं नाही

बाबा,

काल नात अंबरपेठच्या आपल्या दारात उभी राहून फोनवर मैत्रिणीला सांगत होती, रोडपेच हूं, पाच मिनटां. अजून केसही विंचरले नव्हते. मी डोळे वटारले तर म्हणते, "झूठ किधर बोली आजी? दरवाजे के बाहर रोडच है ना!" हसू आलं मला. पण असलं खरं बोलण्यात मी तिची गुरू आहे.

तुम्ही म्हणायचात, माणूस गप्प राहूनही खोटं बोलतो आणि अर्धं खरं सांगूनही, आणि प्रभूला ते सगळं सारखंच ऐकू येतं. आणि आपल्या घरचा तो जगावेगळा नियम! एकदाच विचारायचं, मिळेल ते उत्तर खरं मानायचं. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटं ठरवणं. आई गेल्यावर घरात आपण दोघंच, त्यामुळे तो तुम्ही माझ्याशीच पाळत होतात. कसला मेला नियम तो! माझ्यासारखीच्या हाती पडायलाच नको होता.

आपलं राज्य भाषेवरून तोडून शेजारच्या तिघांत वाटलं जायचं होतं, तेव्हाची गोष्ट. गौलीगुड्याच्या खोलीत तुम्ही मोतीबिंदू काढून, डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेले. दफ्तरातल्या मराठी कारकुनांना पसंती विचारत होते, इथं राहता की मराठवाड्यात जाता? तुमचं ठरलेलंच होतं. जालन्याला आजी एकटी, तिला तुम्ही येतो म्हणून शब्द दिलेला. माझं मात्र कॉलेजात नाव नुकतंच लागलं होतं. चपरासी कागद घेऊन आला तेव्हा तुम्ही झोपला होतात. "साब कू बोलो, आठ रोज में दस्तखत होना," असं सांगून तो गेला. मी कागद पिठाच्या डब्याखाली सरकवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "पोरी, आज दफ्तरातून कोणी आलं होतं का?"

"आज कोणी आलं नाही, बाबा."

शब्दन् शब्द खरा! तुम्ही मान हलवलीत आणि कूस बदललीत. आठ दिवस सरले, पट्टी सुटली, बरोबरीचे कारकून सामान बांधून गेले. जन्मभर लेखणी घासली आणि दफ्तर मलाच विसरलं, एवढं एकदा म्हणालात. दफ्तरात जाऊन चौकशीसुद्धा केली नाहीत, पोरीनं सांगितलंय म्हटल्यावर कशाला करायची? पुढच्या रविवारी चर्चमध्ये उपासनेत उभं राहून, ही तुझीच योजना असेल, असं म्हणून तुम्ही आभार मानलेत. माझी लबाडी तुम्ही देवाच्या नावावर घातलीत आणि मी शेजारी बसून आमेन म्हटलं. बाबा, त्या आमेनची मला अजून लाज वाटते.

दोन वर्षांनी आजी गेली. तार मिळून तुम्ही पोचलात तोवर तिला माती देऊन झाली होती. परत आलात, खाटेवर बसलात, पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. म्हणालात, "तो कागद आला असता तर मी तिच्या उशाशी असतो." माझ्या अगदी ओठांवर आलं होतं सगळं. पण तेवढ्यात पाळकसाहेब सांत्वनाला आले आणि राहून गेलं.

हे कुठं धाडायचं नाही, धाडणार तरी कुठं? नातीला मराठी वाचता येत नाही, म्हणून बिनघोर लिहितेय. कबुली द्यायची तीही कोणाला न कळेल अशी. जित्याची खोड, दुसरं काय!

आणि बघा, वर पुन्हा तेच केलं मी. पाळकसाहेब त्या दिवशी आलेच नव्हते, ते दुसऱ्या दिवशी आले. ती सगळी दुपार आपण दोघंच होतो. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, "काही सांगायचंय का, पोरी?"

मी म्हटलं, "चहा टाकू का?"

तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत.