दुःशासनाशेजारची द्रौपदी

सोलो, जावा, शुक्रवार क्लिवोन

आदरणीय गुनोकाका,

तुमच्या गुडघ्यांवर डोकं टेकवून नमस्कार. (डावा दुखतो हे लक्षात ठेवून उजव्यावरच टेकवलं आहे.) काकूंचा खोकला, तुमची साखर आणि पिंजऱ्यातला होला, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे तुमची सूनबाई लास्मी ठणठणीत आहे. मीही बराच म्हणायचा. चार घास गिळतो आणि दिवसभर दचकत राहतो, एवढंच.

पत्र लिहायचं कारण तुमच्या सावल्यांच्या खेळातल्या कातडी बाहुल्या. आठ वर्षांपूर्वी तुमचा आवाज बसला, खेळ थांबले आणि तुम्ही पेटी आमच्या संग्रहालयात ठेवायला दिलीत. तेव्हा मला बजावलं होतंत, की पांडव उजवीकडे, कौरव डावीकडे, मधे कापड, दर पस्तीस दिवसांनी येणाऱ्या क्लिवोनच्या शुक्रवारी सगळ्यांना वारा, आणि दुःशासनाला द्रौपदीच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. मी ते इमानाने पाळलं. पण तीन महिन्यांपूर्वी जकार्ताहून माणसं यंत्र घेऊन आली. एकेका बाहुलीचे फोटो काढायचे, तेही असे की कातड्यावरचं भोकन् भोक मोजलं जाईल, आणि मग सगळ्याजणी लोकांच्या फोनात राहायला जाणार. बाहुल्यांची परवानगी मी रीतसर काढली. पण यंत्राचीही काढायला हवी ना? तिथे अडलं. यंत्राशी बोलायचं कुठल्या बोलीत? वय तीन वर्षं, म्हणजे अरेतुरे चालावं. पण आलंय राजधानीतून, आणि त्याच्यापुढे आमच्या संग्रहालयाच्या प्रमुख एंडांगबाईसुद्धा (ज्या कुणापुढे वाकत नाहीत) कमरेतून वाकतात. शेवटी मी थेट राजवाड्यातली भाषा काढली, पुढ्यात फुलं आणि कडू कॉफी ठेवली, धूप लावला. धुराने छतावरची आगीची घंटा वाजली आणि शाळेच्या दोन सहली किंचाळत अंगणात पळाल्या. "पाक तार्नो," बाई सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडल्या (रागातही नावाआधी मानाचं 'पाक' लावतात), "त्याला धूप लागत नाही, वीज लागते!"

आता दारातच मोठा पडदा लावलाय. कुणीही यावं, कुठल्याही दोन बाहुल्यांवर बोट ठेवावं, की त्या हातात हात घालून नाचू लागतात. पहिल्याच दिवशी एका नव्या जोडप्याने नेमके दुःशासन आणि द्रौपदी निवडले. तो मेला तिचा हात धरून गिरक्या घेतोय आणि लोक टाळ्या पिटतायत! मी धावत जाऊन बोटाने त्याला बाजूला सारलं. तेव्हापासून माझं तेच काम झालंय. लोक जोडतात, मी सोडवतो. (झाडू मारायचं राहून जातं, पण झाडू उद्याही मारता येतो.) परवा बाईंनी खोलीत बोलावलं. "यंत्र सांगतंय, कुणीतरी एका महिन्यात द्रौपदीला नऊशे चौदा वेळा सोडवलंय. कोण असेल हो, पाक तार्नो?" मी म्हटलं, "कृष्ण असेल." हसल्या नाहीत.

मी भित्रा आहे हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. (राक्षसांचा खेळ लागला की मी तुमच्या पाठीमागे पेटीला चिकटून बसायचो.) या वेळीही रोज जीव मुठीत धरून वाट पाहिली. छप्पर कोसळेल, बाईंच्या अंगावर पुरळ उठेल, निदान माझा तरी पाय मोडेल. काका, काहीच झालं नाही. गर्दी मात्र दुप्पट झाली. आणि खरं सांगतो, सगळ्यात जास्त भीती मला याचीच वाटते. कोप झाला असता तर कळलं असतं, की त्या पेटीत अजून कुणीतरी आहे.

आता बाई म्हणतात, फोटो झालेत, तर खऱ्या बाहुल्यांना इथे धूळ कशाला खायला लावायची? त्या जकार्ताच्या थंड गोदामात जाणार, बंद खणांत, नंबरवार. नंबर पडलेत नावाच्या रोमन अक्षरांप्रमाणे. द्रौपदी एकसष्ट, दुःशासन बासष्ट, आणि एका खणात दोन नग. तोंडासमोर तोंड, अंधारात, कायमचे. मी हात जोडून म्हटलं, मधे निदान कापड तरी घाला. "कापडाला नंबर नाही," बाई म्हणाल्या. असो. सोबत संमतीचा कागद जोडला आहे. त्यावर सही करून उलट टपाली पाठवावा. आपल्या थोर संग्रहालयाच्या या चांगल्या कामाला आपला आशीर्वाद लाभावा, ही नम्र विनंती.

तुमचा पुतण्या,
सुतार्नो

ता.क. सही करू नका. वरची शेवटची दोन वाक्यं लिहिली तेव्हा बाई माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या.

ता.क. दुसरा. तुम्ही कागद दिसला की आधी सही करता आणि मग वाचता, हे मी विसरलो. पण घाबरू नका. गोदामात जाईल ती द्रौपदी खरी नाही. यंत्राच्याच मापांवरून मी म्हशीच्या कातड्याची दुसरी कोरली, रंगवली, जुन्या शिंगाची मूठ बसवली. नमुन्याला खरी शेजारी हवी म्हणून ती चार दिवस घरी आणली होती. नवी परत नेऊन ठेवली तेव्हा बाईंनी ती उजेडासमोर धरली आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "खऱ्या वस्तूची सर कशालाच नाही हो!" खरी माझ्या कपाटात आहे, लास्मीच्या लग्नातल्या बातिकच्या कापडात गुंडाळून.

ता.क. तिसरा. खरी, म्हणजे असं मी धरून चाललोय. रंग वाळल्यावर दोघी टेबलावर होत्या आणि लास्मीने टेबल पुसायला दोघींना उचललं. कुठली कुठे होती विचारलं तर म्हणते, "तुम्हीच केलीत ना? मग तुम्हाला नको कळायला?" मी दुपारभर बघत बसलो. वास घेतला, उजेडात धरल्या, हळूच नावाने हाकही मारली. कळलं नाही. शेवटी एक कपाटात ठेवली आणि एक परत नेली. काका, सोमवारी खण बंद होणार, त्याआधी या. चाळीस वर्षं तुम्ही तिला हातात धरून बोलतं केलंत. डोळे अधू झाले तरी हात तोच आहे. दोघींना हातात घेऊन सांगा, ही खरी.

आणि तुमच्याही हाताला कळलं नाही, तर कुठल्याही एकीवर बोट ठेवा. मी विचारणार नाही.