मर्डीना नाही

टॉरमॉद,

बार्लीचं सूप चुलीवर आहे, गरम करून घे. मी बाळाला घेऊन स्टॉर्नोवेला नाव नोंदवायला चालले आहे. जन्मनोंदणीला एकवीसच दिवस मिळतात आणि आज एकविसावा, उद्यापर्यंत थांबता येत नाही.

काल तुझा काका चांदीचा पेला घेऊन आला, त्यावर आधीच 'मर्डीना' कोरलेलं. "पहिल्या नातीला आजोबांचंच नाव, पोरी! मर्डोला मागून 'ईना' चिकटवलं की झालं," म्हणाला आणि हसत सुटला. तूही हसलास. मला त्याच्यापेक्षा तुझी जास्त शिसारी आली.

तुझ्या बापाने आईंचं बोट दारात चेचलं होतं, हे तूच मला सांगितलंस. त्याच वाकड्या बोटाला घट्ट धरून आपली पोर झोपते. तिला जन्मभर त्या माणसाच्या नावाने हाक मारायची? पेला कोंबड्यांच्या खुराड्यात आहे. हवा असेल तर तूच धुऊन घे.

सकाळी आईंना म्हटलं, "मी दुसरं नाव देणार आहे." वाटलं, रागावतील. त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "माझ्या आईचं नाव मार्साली होतं. आता कुणी ठेवत नाही गं. ह्या घरात मर्डो ते उच्चारूही देत नसे."

मग कोट चढवून माझ्याआधी गाडीत जाऊन बसल्या.

आम्हा तिघींना उशीर होईल. कोंबड्या कोंडून ठेव.

कर्स्टी